जवळचे शिकावे लागते

कादंबरी लिहावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्यापुढचा पहिला प्रश्न बहुधा विषयाचा असतो. कशावर लिहू? उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशा रायगडच्या किनारपट्टीवरच्या गावांत राहणाऱ्या नव्या लेखकाला याची दोन उत्तरे सहज सुचतात. एक म्हणजे विषय लांबचा घ्यावा. कान्होजी आंग्र्यांचे आरमार घ्यावे, जंजिऱ्याचा सिद्दी घ्यावा, नाहीतर मुंबईतली ऑफिसे आणि फ्लॅट घ्यावेत. कारण आपल्या गावात काही घडतच नाही. दुसरे उत्तर असे, की सरळ गावावर लिहावे, कारण गाव आपल्याला माहीतच आहे, बसायचे आणि लिहून काढायचे. ही दोन उत्तरे वरवर उलट दिसतात, पण निघतात एकाच समजुतीतून. जे जवळ आहे ते कळलेले आहे, त्यात शिकण्यासारखे काही उरलेले नाही, अशी ती समजूत आहे. पहिल्या लेखकाला म्हणून गाव कंटाळवाणे वाटते, आणि दुसऱ्याच्या लेखनात गाव येते खरे, पण त्यात माडाच्या झावळ्या, समुद्राची गाज आणि सणाचे जेवण यांपलीकडे काही नसते. या पुस्तकाच्या आरंभी एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. जवळचे आपोआप कळत नाही, ते परक्या मुलखासारखे शिकावे लागते. आणि जो ते शिकायला बसतो, त्याला कथानक, माणसे आणि भाषा ही तिन्ही तिथेच मिळतात. पुढच्या प्रकरणांतला सगळा सल्ला या एका विचारावर उभा आहे, म्हणून तो इथे सावकाश तपासून पाहू.

पेण आणि अलिबाग तालुक्यांतला खारेपाट घ्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती साधी सपाट भातशेती दिसते. प्रत्यक्षात ती खाडीकडून मिळवलेली आणि रोज राखावी लागणारी जमीन आहे. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, पाण्याकडच्या अंगाला दगड लावायचे आणि जागोजागी उघाडी बसवायची. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा उघाडीची झडप मिटते. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले, की आतल्या पावसाच्या पाण्याने तीच झडप उघडते आणि शेतातले पाणी खाडीत जाते. बांध पुरा झाला म्हणून लगेच भात येत नाही. मातीतला खार धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. आणि एवढे सगळे केल्यावर एखाद्या उधाणाला बांधाला खांड गेली, तर एका रात्रीत खारे पाणी शिरते आणि जमीन पुन्हा काही वर्षांसाठी बाद होते. हे वर्णन शेतकी खात्याच्या पत्रकासारखे वाटेल, पण कादंबरीकाराने त्यात माणसे उभी करून पाहावीत. बांधाला लागून ज्याचे शेत आहे आणि उंचवट्यावर ज्याचे शेत आहे, त्या दोघांचे नुकसान सारखे नसते. तरी खांड बुजवायला घरटी माणूस दोघांनीही द्यायचा असतो. ज्या घरातला कर्ता मुंबईला गोदीत किंवा गिरणीत आहे, त्या घराने कोणाला पाठवायचे? वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांना एकाच रात्री एकाच खांडीत चिखल टाकावा लागला, तर कोण आधी तोंड उघडेल? पुढे स्वातंत्र्यानंतर खारभूमीसाठी कायदा झाला, सरकारी खाते आले आणि बांधाची जबाबदारी गावाच्या हातून खात्याकडे सरकली. कितीतरी ठिकाणी खांडी तशाच राहिल्या, शेतांत कांदळवन वाढले. सातबाऱ्यावर मात्र ती अजून भातजमीनच आहे. आजोबांनी चिखल टाकून राखलेली जमीन नातवाकडे फक्त कागदावर आहे, एवढ्या एका वस्तुस्थितीत तीन पिढ्यांची कादंबरी आहे. ती सुचायला असामान्य कल्पनाशक्ती लागत नाही. उघाडी कशी चालते आणि बांध कोणाचा असतो, हे विचारावे लागते.

दुसरे उदाहरण वेळेचे आहे. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली, की साधारण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पुनवेला आणि अमावास्येला भरती बाराच्या आसपास. अमावास्या-पुनवेला उधाण असते, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. हा हिशोब ज्याला ठाऊक नाही तो लेखक आपल्या नायकाला अष्टमीच्या भर दुपारी उथळ खाडीतून होडी हाकायला लावील, आणि खाडीकाठचा वाचक तिथेच पुस्तक मिटवील. पण चूक टाळणे हा या ज्ञानाचा छोटा फायदा झाला. मोठा फायदा असा, की भरतीचा हिशोब माणसाच्या आयुष्याला आकार देतो. मासळी बाजारात किती वाजता पोचेल, कोळीण किती वाजता घराबाहेर पडेल, तिची मुलगी त्या दिवशी शाळेत जाईल की धाकट्या भावाला सांभाळील, हे सगळे चंद्राच्या कलेवर अवलंबून असते आणि रोज पाऊण तासाने सरकते. घड्याळावर चालणारी शाळा, ऑफिस, बँक आणि तिथीवर चालणारे घर यांच्यात रोज होणारी ओढाताण हा खराखुरा संघर्ष आहे. खलनायक न आणताही कादंबरी पुढे जाऊ शकते, ती अशा ओढाताणीमुळे.

मोठ्या घटनांनाही हेच लागू पडते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरलेला नसताना, मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दिवस गटारी अमावास्येचा होता, लोक सणाला घरी येत होते. नव्या लेखकाला वाटते, की एवढी मोठी घटना हाती आली म्हणजे कादंबरी झाली. तसे होत नाही. बुडत्या बोटीचे वर्णन दहा-पंधरा पानांत संपते. कादंबरी सुरू होते ती त्यानंतर: पाट मांडून वाट पाहणाऱ्या घरात, बातमी आली तेव्हा अर्धवट झालेल्या स्वयंपाकात, एका गावातली किती घरे एका दिवसात कर्त्या पुरुषावाचून उरली या हिशोबात, आणि पुढे प्रत्येक वर्षी ती अमावास्या त्या घराने कशी पाळली यात. चरीच्या संपाचेही तसेच आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावे त्यात उतरली आणि संप जवळजवळ सहा वर्षे चालला. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शेतकऱ्यांच्या परिषदेला आले. इतिहासकार या संपाची कारणे, ठराव आणि परिणाम सांगेल, आणि ते काम त्याचेच आहे. कादंबरीकाराने विचारायचा प्रश्न निराळा आहे. पहिला पावसाळा माणूस जिद्दीवर काढतो. दुसऱ्या पावसाळ्यात, समोर ओली जमीन पडीक दिसत असताना, घरात काय शिजत होते? कोणाचे लग्न थांबले? कोणाच्या माहेरचा माणूस खोताकडे कारकून होता? एखाद्या रात्री कोणी नांगराला हात लावून परत ठेवला असेल का? सहा वर्षे निभावलेल्या निर्धाराचे मोल एका भाषणात किंवा एका कथेत मावत नाही. कंटाळा, शंका, भूक आणि पुन्हा उठून उभे राहणे यांना वेळ लागतो, आणि वाचकाला तो वेळ जगायला लावणारा वाङ्मयप्रकार कादंबरी हाच आहे.

मराठी कादंबरीचा इतिहास या म्हणण्याला बळ देतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिचा विषय कुठले अद्भुत राज्य हा नव्हता. आसपासच्या घरांतल्या विधवांची स्थिती हा होता. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये मध्यमवर्गीय घराच्या आतल्या खोल्या उघडल्या. त्या घरांत राहणाऱ्या हजारो पुरुषांना त्या खोल्या रोज दिसत होत्या, पण त्यांत काय चालते हे शिकून घ्यावेसे त्यांना वाटले नव्हते. आपल्याच जिल्ह्यातले र. वा. दिघे कायदा शिकलेले होते. त्यांनी खोपोलीकडे शेती केली आणि ‘पाणकळा’, ‘सराई’ यांसारख्या कादंबऱ्यांत शेतकरी आणि डोंगरातली माणसे आणली. त्या कादंबऱ्यांचे बळ ऋतू, पीक आणि रान यांच्या माहितीत आहे. विभावरी शिरूरकरांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतल्या कामातून ‘बळी’ लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर आलेला एक मास्तर वाडी हळूहळू शिकतो, हेच तिचे कथानक आहे आणि ती जेमतेम दीडशे पानांत आटोपते. या सगळ्या लेखकांची भाषा, विचारसरणी आणि वकूब वेगवेगळा होता. समान गोष्ट एवढीच, की ज्या जगाविषयी लिहायचे त्याचे रोजचे व्यवहार त्यांनी मुद्दाम समजून घेतले होते.

इथे पहिला आक्षेप येतो. श्री. ना. पेंडसे लहानपणीच कोकणातून मुंबईला आले, बेस्टमध्ये नोकरी करत राहिले आणि तरीही ‘गारंबीचा बापू’पासून १९८७ च्या ‘तुंबाडचे खोत’पर्यंत दापोलीकडचे जग लिहीत राहिले. मग जवळ राहून शिकण्याचा आग्रह कशाला? लहानपणीच्या आठवणी पुरतात असेच यावरून सिद्ध होत नाही का? माझ्या मते यावरून उलट सिद्ध होते. लहानपणीच्या आठवणी कोकणातून मुंबईला गेलेल्या लाखो माणसांजवळ होत्या. चाळीतल्या खोलीत बसून गावची आठवण काढणारे गिरगाव-परळात घरोघरी होते. त्या आठवणींतून खोती नावाची व्यवस्था कशी चालायची, कुळ आणि खोत एकमेकांना कसे बांधलेले होते, घराणे वाढते आणि मोडते ते नेमके कोणत्या व्यवहारांतून, हे सगळे उभे करायला चार पिढ्यांचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. अंतरामुळे पेंडशांचे गाव त्यांच्यासाठी पुरेसे परके झाले आणि म्हणून ते त्यांना नीट पाहता आले, असे म्हणता येईल. जो गावातच राहतो त्याला हे अंतर फुकट मिळत नाही, त्याने ते प्रश्न विचारून कमवायचे आहे. आपल्याच काकाला ‘हे असे का?’ असे विचारणे अवघड वाटते, कारण उत्तर आपल्याला माहीत असायला हवे असे दोघेही धरून चालतात. तो संकोच मोडणे ही कादंबरीकाराची पहिली शिस्त आहे.

दुसरा आक्षेप प्रतिभेच्या बाजूने येतो. एवढा अभ्यास केला तर लेखन कोरडे होईल, स्फूर्ती मरेल, कादंबरीचे गॅझेटियर होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. ही भीती खोटी नाही. माहितीने फुगलेल्या कादंबऱ्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत आणि मध्येच सोडल्याही आहेत. याच वादाचे दुसरे टोक तंत्राचे आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचे तंत्र समजावून सांगितले, आणि रचना, उत्कंठा, पात्रांची मांडणी या गोष्टी शिकता येतात हा विश्वास मराठी लेखकांच्या एका पिढीला दिला. पुढच्या पिढीने त्या तंत्रावर कडाडून टीका केली, कारण तंत्राच्या साच्यात कोणतेही जीवन सारखेच दिसू लागते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तंत्र ही सुतारकी आहे, आणि सुतारकी शिकण्यात कमीपणा नाही. पण लाकूड कुठून आणायचे हे ती सांगत नाही. कोरडेपणाचा दोषही अभ्यासाकडे जात नाही. शिकलेले सगळे वाचकाला सांगून टाकण्याची घाई लेखकाला होते, तिथे लेखन कोरडे पडते. उघाडीची रचना लेखकाला पुरी ठाऊक असावी. कादंबरीत कदाचित एवढेच यावे, की म्हातारी रात्री झोपेतून उठून बसली, कारण झडप मिटल्याचा रोजचा आवाज आज आला नाही. ते एक वाक्य लिहिता यावे यासाठी मागचा सगळा अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास पानावर दिसत नाही.

तिसरा आक्षेप असा, की एवढ्या लहान प्रदेशावर लिहिले तर त्यावर ‘प्रादेशिक’ असा शिक्का बसतो. मुंबई-पुण्याचा वाचक का वाचील? भारतीय कादंबरीतली उदाहरणे या भीतीला आधार देत नाहीत. फकीरमोहन सेनापतींच्या ओडिया कादंबरीचे नावच मुळी जमिनीचे माप आहे, ‘छ माण आठ गुंठ’. एका लहान तुकड्याच्या बळकावणीची ती गोष्ट शंभराहून अधिक वर्षे वाचली जात आहे, कारण जमीन कशी जाते हे तिच्यात बारकाईने आले आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ १९५६ ची. केरळच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची ही कादंबरी कितीतरी भाषांत पोचली. तिच्यासंबंधी एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. तकळी स्वतः त्या समाजातले नव्हते, आणि कोळी स्त्रीच्या शीलावर समुद्रावरच्या नवऱ्याचा जीव अवलंबून असतो ही समजूत कादंबरीत ज्या रीतीने रंगवली आहे, तिच्यावर आक्षेप घेतले गेले. याच्या शेजारी बंगालीतल्या अद्वैत मल्लबर्मन यांना ठेवावे. ते स्वतः नदीवरच्या मालो कोळ्यांतले. ‘तितास एकटि नदीर नाम’ या कादंबरीचे हस्तलिखित एकदा हरवले, त्यांनी ती पुन्हा लिहिली, आणि ती पुस्तकरूपाने १९५६ साली आली तेव्हा ते हयात नव्हते. यावरून कोणी म्हणेल, की ज्याचे त्यानेच लिहावे. तेवढा कडक नियम मला मान्य नाही. तसे केले तर आगऱ्याने कोळ्यावर, कोळ्याने कातकऱ्यावर आणि पुरुषाने बाईवर लिहायचेच नाही असे होईल. पण बाहेरच्याने अधिक शिकले पाहिजे आणि लिहिलेले त्या माणसांना वाचून दाखवण्याची तयारी ठेवली पाहिजे, हे मात्र मान्य आहे. आतल्या माणसालाही सूट नाही. आपल्या जातीचे, आपल्या आळीचे दोष झाकण्याचा मोह त्यालाच जास्त होतो.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. आगरी किंवा कोळी बोलीत संवाद लिहिले तर बाहेरच्या वाचकाला कळणार नाहीत, आणि प्रमाण भाषेत लिहिले तर खोटे वाटतील. ही अडचण उद्धव शेळक्यांपुढेही होती. त्यांनी १९६० च्या ‘धग’मध्ये नायिका कौतिकला वऱ्हाडीतच बोलते ठेवले आणि पश्चिम महाराष्ट्राच्या वाचकाने ती कादंबरी आपली मानली. तीन वर्षांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’त खानदेशातून पुण्याला आलेल्या मुलाची बोलण्याची ढब निवेदनातच आणली, आणि मराठी गद्याची चाल बदलली. वाचक अनोळखी शब्दाला घाबरत नाही. तो शब्द कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी आला हे दिसले, की अर्थ आपसूक लागतो. त्याला खटकते ते सजावटीसाठी पेरलेले बोलीतले शब्द. बोली शिकायची म्हणजे शब्दांची यादी करायची नाही. सासू सुनेशी, खोत कुळाशी, कोळीण गिऱ्हाइकाशी, आणि तीच कोळीण मुलाच्या मास्तरांशी कशी बोलते, कुठे आवाज चढतो, कुठे प्रमाण भाषेचा आव आणला जातो, हे ऐकायचे. आपल्या किनाऱ्यावर हे ऐकायला फार मोठे रान आहे. मिठागरांच्या गावांतली आगरी आहे, मुरूड-श्रीवर्धनकडच्या मुसलमान मोहल्ल्यांतली कोकणी आहे. कोर्लईच्या किल्ल्याखाली पोर्तुगीजातून घडलेली एक बोली अजून बोलली जाते. ज्यांना इथे शनवार तेली म्हणत त्या बेने इस्रायल यहुद्यांपैकी बहुतेकजण निघून गेले, पण जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

चौथी अडचण आक्षेपापेक्षा भीतीच्या रूपात असते. गावातल्या माणसांवर लिहिले, तर गाव काय म्हणेल? लहान गावात प्रत्येक पात्राला लोक खरे नाव चिकटवतात. विभावरी शिरूरकर हे नाव बाळूताई खरे यांनी १९३३ साली घेतले, कारण अविवाहित स्त्रियांच्या मनातले लिहिले तर काय वादळ उठेल याची त्यांना कल्पना होती, वादळ उठलेही. टोपणनाव हा एक रस्ता आहे, तो आजही मोकळा आहे. त्याहून पक्का रस्ता म्हणजे एका माणसाची हकिगत जशीच्या तशी न उचलणे. इथेही व्यवहाराचे ज्ञानच सोडवते. जमिनीची वाटणी, फेरफाराची नोंद, जमीन संपादनाच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून बहीण-भावांत आलेला दुरावा हे कसे घडते हे लेखकाला समजले असेल, तर त्याला शेजाऱ्याचे घर उघडे करावे लागत नाही. तो त्याच नियमांनी चालणारे नवे घर रचू शकतो. केवळ एक हकिगत हाती असलेला लेखक मात्र तिचा गुलाम होतो, आणि शेवटी कादंबरीही बिघडते आणि शेजारही.

आता वेळेचा प्रश्न. नोकरी, शेती, घरकाम, मुंबईची लाँच किंवा एसटी यातून कादंबरीला वेळ कुठून आणायचा? पेंडशांनी ती आयुष्यभर नोकरी सांभाळून लिहिली. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईत अंगमेहनतीची कामे करून ‘फकिरा’पर्यंतची मजल मारली. ही नावे तुम्हाला लाजवण्यासाठी घेतलेली नाहीत. त्यांच्या कष्टांचे कौतुक करताना ते कष्ट त्यांना पडायला नको होते हेही म्हटले पाहिजे. पण रोज एक पान हा हिशोब सगळ्यांना परवडतो, आणि वर्षभरात त्याची तीनशेहून अधिक पाने होतात, म्हणजे दोन ‘बनगरवाड्या’. शिकण्याच्या कामाला तर वेगळा वेळही लागत नाही. तलाठ्याकडे उताऱ्यासाठी जाल तेव्हा फेरफारांच्या जुन्या नोंदी वाचा. १८८३ चे कुलाबा (म्हणजे आताच्या रायगड) जिल्ह्याचे गॅझेटियर एकदा पुरे चाळा. इंग्रज अधिकाऱ्याने तुमच्या गावाबद्दल काय लिहिले आणि काय त्याला दिसलेच नाही, हे दोन्ही पाहा. अलिबागहून निघणाऱ्या ‘कृषीवल’चे जुने अंक कुठे पाहायला मिळाले, तर बातम्यांइतक्याच जाहिराती वाचा. बाजारात एक सकाळ फक्त उभे राहा आणि पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातो ते टिपून ठेवा. आणि हे सगळे झाल्यावर लिहा, की आधी लिहून मग शिका? दोन्ही एकदमच करा. पहिल्या पन्नास पानांत आपल्याला काय ठाऊक नाही हे लिहितानाच कळते. पुरता अभ्यास होईपर्यंत थांबणारा माणूस बहुधा कायमचा थांबतो.

शेवटी वाचकाचा आणि पैशाचा प्रश्न राहतो. मराठीत कादंबरीवर घर चालत नाही. ज्याला हे आधी कोणी सांगितले नाही त्याची फसवणूक झाली आहे. मग लिहायचे का? याचे एक उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यायचे असते, पण या किनाऱ्यापुरते एक सर्वांचे उत्तरही आहे. इथले ज्ञान वेगाने नाहीसे होत आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला ज्या जमिनींसाठी आंदोलन करताना शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, तिथे आज कंटेनरच्या रांगा आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांतल्या पोफळी आणि माड काही तासांत आडवे केले. पोफळ पुन्हा लावली तरी हाती सुपारी यायला वर्षे जातात, आणि तेवढ्यात वाडी विकावी का हा प्रश्न घरात येऊन बसतो. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. ज्या शेतात आजोबा कुळ होते तिथल्या बंगल्याची किल्ली आज नातवाकडे असते, राखणदार म्हणून. हे बदल चांगले की वाईट यावर मते वेगळी असतील. पण ते कसे घडले, माणसाने सही करताना काय विचार केला, पैसे आल्यावर पहिल्या वर्षी काय घेतले आणि पाचव्या वर्षी काय उरले, हे सरकारी कागदांत नाही, वर्तमानपत्रांत फार थोडे आहे. तिथीची पाऊणपट तोंडपाठ असलेली पिढी आज म्हातारी आहे. त्यांना विचारायला तुम्ही गेला नाहीत, तर तुमच्यानंतर जाणाऱ्याला ती माणसे भेटणार नाहीत.

म्हणून नव्या लेखकाला धीर द्यायचा तो ‘तुमच्यात प्रतिभा आहे’ असे सांगून नव्हे. ते कोणाला आधी कळत नाही. धीर या गोष्टीचा आहे, की शिकता येण्यासारखे फार आहे आणि ते तुमच्या हाताशी आहे. पहिला खर्डा फसेल. त्यात ऐकीव वाक्ये असतील, वाचलेल्या कादंबऱ्यांची छाया असेल, पात्रे लेखकाचीच मते बोलतील. खारेपाटातला शेतकरी नव्या बांधाआडच्या जमिनीत पहिल्या वर्षी भाताची आशा धरत नाही. त्या वर्षी पाऊस पडतो तो खार धुण्यासाठी. तो बांधावर फेरी मारतो, उघाडी साफ ठेवतो आणि पुढच्या मृगाची वाट पाहतो. पहिल्या खर्ड्याकडे तसे पाहा. तो फाडू नका, छापायला धाडण्याची घाईही करू नका. त्यात जिथे जिथे ‘समुद्र गाजत होता’ असे लिहिले आहे, तिथे थांबून तिथी कोणती होती ते ठरवा, आणि त्या वेळी घरातली बाई काय करत होती ते कोणालातरी जाऊन विचारा. दुसरा खर्डा त्या उत्तरापासून सुरू करा.